पेशी थांबल्या की मेल्या? फुप्फुसाचा कर्करोग, वनस्पतिजन्य संयुगं आणि पेशींच्या स्थलांतराच्या चाचण्या (मंचावरची चर्चा; प्रत्येक टिपणाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पेशीवाला

फुप्फुसाच्या कर्करोगात रोगी हातचा जातो तो बहुतेक वेळा मूळ गाठीपेक्षा ती पसरल्यामुळे. मेंदू, हाडं, यकृत, अ‍ॅड्रिनल ग्रंथी ही पसरण्याची नेहमीची ठिकाणं. म्हणून पेशी मारण्याऐवजी तिचे पाय बांधता येतील का, यावर बरंच काम झालंय आणि त्यात वनस्पतिजन्य संयुगांचा वाटा मोठा आहे: हळदीतलं कर्क्युमिन, हिरव्या चहातलं ईजीसीजी, क्वेर्सेटिन, दारुहळदीतलं बर्बेरिन.

ढोबळ चित्र असं. अस्तराची पेशी शेजारणींना ई-कॅडहेरिन या चिकटवणाऱ्या प्रथिनानं धरून असते. टीजीएफ-बीटासारख्या वाढ-घटकाचा संकेत आला की स्नेल, स्लग, झेब१ ही प्रथिनं ई-कॅडहेरिनचा जनुक दाबतात, एन-कॅडहेरिन आणि व्हायमेंटिन ही फिरत्या पेशींची प्रथिनं वाढतात, पेशी लांबट होऊन सुटी होते. यालाच ईएमटी (अस्तराच्या पेशीचं फिरत्या पेशीत रूपांतर) म्हणतात. मग एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही प्रथिनं कापणारी विकरं सोडून ती खालचं पटल कुरतडते आणि सरकते. वरच्या चारही संयुगांवरच्या निबंधांत फिरून फिरून याच कड्या येतात: एमएमपी घटलं, ई-कॅडहेरिन परतलं, पेशींच्या थरात ओढलेला घाव भरायला वेळ लागला.

प्रकल्पाचा कच्चा आराखडा: ए५४९ या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी, चार संयुगं, आधी १० टक्के सीरम (रक्तद्रव) असलेल्या मीडियात (पेशी वाढवायच्या द्रावणात) २४ तासांची एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी), त्यातून 'बिनविषारी' मात्रा, मग त्या मात्रेला बिनसीरम मीडियात ४८ तासांचा स्क्रॅच (थरात ओरखडा काढून तो कसा भरतो ते बघणं), ट्रान्सवेल (छिद्रांच्या पडद्यातून पेशी उतरतात का ते बघणं), जेलॅटिन झायमोग्राफी (एमएमपीची क्रिया दाखवणारा जेल) आणि वेस्टर्न (ठरावीक प्रथिनं ओळखणारी चाचणी). कुठे पाणी मुरतंय ते स्पष्ट सांगा.

ट्रिप्सिन

पहिल्याच पायरीला मुरतंय. मात्रा ठरवली १० टक्के सीरममध्ये २४ तासांवर आणि वापरली बिनसीरममध्ये ४८ तास. कर्क्युमिन आणि क्वेर्सेटिन सीरममधल्या अल्ब्युमिनला चिकटून बसतात. सीरम काढलं की तेवढ्याच मात्रेत मोकळं संयुग कितीतरी जास्त होतं आणि पेशी आधीच उपाशी असते. आजारी पेशी सरकत नाही, आणि ते आलेखावर 'स्थलांतर रोखलं' म्हणून दिसतं. या विषयावरचे निम्मे दावे इथेच सांडतात, असं माझं मत.

उपाय सोपा आहे पण कंटाळवाणा. स्क्रॅचच्या शेजारी दुसरी प्लेट लावा: तोच मीडिया, तेच सीरम, तीच दाटी, तेवढेच तास. शेवटी ट्रिप्सिन या विकरानं पेशी उचलून, फक्त मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या ट्रायपॅन ब्लूमध्ये मोजा. तरंगत्या पेशी टाकून देऊ नका, त्याही मोजणीत घ्या. जिवंत पेशींचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आणि एकूण संख्या नियंत्रण वेलइतकी (संयुग न दिलेल्या खळग्याइतकी) असेल तरच ती मात्रा स्थलांतरासाठी धरा.

दुसरं, या चौघांसाठी एमटीटीवर विसंबू नका. क्वेर्सेटिन आणि ईजीसीजी पेशी नसतानाही एमटीटीचं क्षपण करून जांभळा रंग देतात, म्हणजे मेलेल्या पेशी जिवंत वाटतात. बर्बेरिनचं उलटं: ते मायटोकाँड्रियातलं कॉम्प्लेक्स-१ हे ऊर्जा बनवणारं विकर दाबतं, म्हणून पेशी धडधाकट असूनही आकडा खाली येतो. त्यापेक्षा एसआरबी (पेशींतलं एकूण प्रथिन रंगवून मोजणं) करा. १० टक्के टीसीए आम्लानं ४ अंशांवर तासभर स्थिर करायचं, १ टक्का अ‍ॅसेटिक आम्लातल्या ०.०५७ टक्के रंगात अर्धा तास, १ टक्का अ‍ॅसेटिक आम्लानं चार धुण्या, वाळवून १० मिलिमोलर ट्रिस बेसमध्ये विरघळवायचं आणि ५१० नॅनोमीटरवर वाचायचं. एमटीटीच करायची असेल तर संयुग घातलेले पण पेशी नसलेले तीन वेल हवेतच.

रसरंग

संयुगांच्या बाजूनं थोडं. बाटलीवर 'कर्क्युमिन' लिहिलेलं असलं तरी हळदीतून काढलेला साधा दर्जा म्हणजे तीन भावंडांचं मिश्रण असतं: सुमारे तीन चतुर्थांश कर्क्युमिन, बाकी डिमेथॉक्सी आणि बिसडिमेथॉक्सी. कोणता दर्जा वापरला ते वहीत लिहा, नाहीतर पुढच्या बॅचला आकडे जुळणार नाहीत.

साठा द्रावणाचा हिशेब: रेणुभार ३६८.४, म्हणून २० मिलिमोलरसाठी १ मि.ली. डीएमएसओ या द्रावकात ७.३७ मि.ग्रॅ. त्यातला १ मायक्रोलिटर १ मि.ली. मीडियात टाकला की २० मायक्रोमोलर आणि डीएमएसओ ०.१ टक्का. साठा १० मिलिमोलरचा केला तर त्याच मात्रेला डीएमएसओ ०.२ टक्के होतो, मग नियंत्रण वेललाही ०.२ द्यावा लागतो. सगळ्या मात्रांना डीएमएसओ एकसारखा ठेवा. थेंब टाकताच जोरात मिसळा. सावकाश टाकलं तर पिवळे तंतू बसतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात आणि घावाच्या चित्रात पेशी म्हणून मोजले जातात. लहान नळ्यांत भरून उणे २० अंशांवर अंधारात ठेवा, एक नळी एकदाच वापरायची.

आता खरी गोम. पीएच ७.२, ३७ अंश, सीरम नसलेलं बफर: अशात कर्क्युमिनचा सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो. १० टक्के सीरम असेल तर आठ तासांनी निम्मा शिल्लक असतो. बिनसीरम मीडियात ४८ तासांच्या स्क्रॅचमध्ये नेमकं कशाचं परीक्षण चाललंय याचा विचार करा.

ईजीसीजीची तऱ्हा आणखी न्यारी. मीडियात ते आपोआप ऑक्सिडाइझ होतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. अर्ध्या तासाच्या आत निम्मं संयुग संपलेलं असतं. पेशींवर दिसणारा परिणाम बऱ्याचदा त्या पेरॉक्साइडचा असतो. म्हणून एक संच मिलिलिटरला ५० ते १०० युनिट कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारं विकर) घालून चालवा. कॅटलेजनं परिणाम पुसला गेला तर तो ईजीसीजीच्या नावावर लिहू नका.

अवांतर: 'ऑक्सिडीकरणाच्या ताणामुळे परिणाम' हे दाखवायला सर्रास एनएसी हे ऑक्सिडीकरणरोधक घालतात. एनएसीमध्ये थायॉल (गंधकाचा) गट असतो आणि कर्क्युमिन, सल्फोराफेन, विथाफेरिन-ए यांच्यासारखी संयुगं थायॉलला थेट चिकटतात. परिणाम गेला तो ताण कमी झाल्यामुळे, की मीडियातच संयुग संपल्यामुळे, हे त्या प्रयोगातून कळत नाही.

पेशीवाला

म्हणजे बिनसीरममध्ये संयुग टिकत नाही, जे टिकतं ते जास्त विषारी, आणि पूर्ण सीरममध्ये पेशी वाढून घाव भरतात. मधला मार्ग?

घावमोजणी

मधला मार्ग म्हणजे १ टक्का सीरम, संपूर्ण प्रयोगभर तेवढंच, आणि निरीक्षण १२ ते १८ तासांवर थांबवणं. ए५४९ दुप्पट व्हायला साधारण २२ ते २४ तास लागतात. ४८ तासांत दोन पिढ्या होतात, मग घाव सरकून भरला की वाढून भरला हे कोण सांगणार? मायटोमायसिन-सी, मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम, दोन तास देऊन विभाजन थांबवता येतं. पण ते स्वतः डीएनएला इजा करतं आणि वर संयुगाचा भार. मला लवकर थांबवणं जास्त पटतं.

स्क्रॅचचा क्रम:

सहा वेलच्या प्लेटमध्ये प्रति वेल ८ ते १० लाख पेशी, २४ तासांत सलग थर. त्याहून जुना, दाटलेला थर नको. टिप लावताच चादरीसारखा सोलून निघतो. प्लेटच्या तळाला बाहेरून मार्करनं दोन आडव्या रेषा मारा, म्हणजे दर वेळी त्याच जागेचं चित्र येईल. २०० मायक्रोलिटरची टिप काटकोनात धरून एका दमात ओढा. तिरकी धरली की घावाची एक कड फाटकी येते. ताबडतोब पीबीएस या क्षारद्रावणानं दोनदा धुवा, बाजूच्या भिंतीवरून सोडत. न धुतल्यास सुटलेल्या पेशी घावातच बसतात आणि 'स्थलांतर' वाढल्यासारखं दिसतं. मग संयुगाचा मीडिया, शून्य तासाचं चित्र, आणि ६, १२, १८ तासांची.

मोजताना रुंदी नको, क्षेत्रफळ घ्या: शून्य तासाच्या क्षेत्रफळातून नंतरचं वजा, भागिले शून्य तासाचं, गुणिले १००. इमेजजे या चित्रमापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. सुरुवातीचं क्षेत्रफळ इतर वेलपेक्षा १५-२० टक्क्यांनी वेगळं असेल तो वेल सरळ बाद. रुंद घाव टक्क्यांत नेहमीच मागे दिसतो. एका प्लेटमधले तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या (पुन्हा पेरलेल्या खेपेच्या) पेशींवर निदान तीनदा.

शक्य असेल तर टिपेऐवजी सिलिकॉनचे इन्सर्ट वापरा. ५०० मायक्रोमीटरची एकसारखी फट मिळते आणि पेशींना इजाही होत नाही.

सच्छिद्र

ट्रान्सवेलचं मी लिहितो. ८ मायक्रोमीटर छिद्रं, २४ वेलचा आकार. वर २०० मायक्रोलिटरमध्ये ५० हजार पेशी, खाली ६०० मायक्रोलिटरमध्ये १० टक्के सीरम. इन्सर्ट (छिद्रांच्या तळाचा पेला) तिरपा करून सोडा, खाली बुडबुडा अडकला तर तिथून एकही पेशी उतरत नाही.

संयुग वर आणि खाली, दोन्हीकडे सारख्या मात्रेत घाला. बरेच जण फक्त वर घालतात. मग तासागणिक ते खाली पाझरतं आणि वरची मात्रा चौथ्या हिश्शाकडे घसरते. २४ तासांनी वरच्या पेशी कापसाच्या बोळ्यानं पुसा, दोनदा, कडेनंसुद्धा. खालच्या ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडनं १५ मिनिटं स्थिर करून ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेटमध्ये रंगवा, मध्य आणि चार दिशा अशी पाच क्षेत्रं मोजा. नमुने सांकेतिक क्रमांकांनी झाकून दुसऱ्याकडून मोजून घ्या.

आक्रमणासाठी (पटल फोडून जाण्याच्या चाचणीसाठी) मॅट्रिजेलचा, म्हणजे त्या पटलासारख्या जेलचा, थर: रात्रभर ४ अंशांवर बर्फात वितळवायचं, टिपा आणि नळ्या फ्रीजरमधून काढलेल्या. थंड बिनसीरम मीडियात मिलिलिटरला २०० ते ३०० मायक्रोग्रॅम, इन्सर्टला १०० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर एक-दोन तास. १० अंशांच्या वर गेलं की गुठळ्या होतात आणि थर एका बाजूला जाड, दुसरीकडे उघडा राहतो. मॅट्रिजेल नसलेले इन्सर्टही सोबत हवेत. आक्रमणाचा आकडा त्यांच्या तुलनेतच अर्थपूर्ण, नाहीतर तो स्थलांतराचाच दुसरा आकडा.

ट्रिप्सिन

पेशींच्या निवडीबद्दल अजून कुणी बोललं नाही. ए५४९ सोयीची आहे, पण तिच्या जनुकांत तीन गोष्टी लक्षात ठेवा. केआरएएस हा कर्करोगाशी निगडित जनुक बदललेला, ईजीएफआर हा वाढीच्या संकेताचा ग्राही मूळचाच. म्हणून ईजीएफआरवरचे दावे इथे तपासू नका, त्यासाठी ईजीएफआरच्या १९व्या एक्झॉनमध्ये (जनुकाच्या तुकड्यात) तूट असलेल्या पीसी-९ पेशी घ्या. एएमपीके या ऊर्जा-संवेदकाला चालू करणारं एलकेबी१ निकामी, म्हणून 'बर्बेरिननं एलकेबी१-एएमपीके मार्ग चालू केला' हे ए५४९ मध्ये लिहिलेलं दिसलं की भुवई उंचवा. एएमपीके चालू झालाच असेल तर दुसऱ्या वाटेनं. आणि एनआरएफ२ या बचावाच्या प्रथिनाला आवर घालणारा केईएपी१ बदललेला, त्यामुळे एनआरएफ२ आधीपासूनच पेटलेला. एनआरएफ२ चालू करणारं संयुग इथे नवीन काय करणार?

दुसरी पेशीवाहिनी (प्रयोगशाळेत सतत वाढवलेली पेशींची जात) म्हणून एच१२९९ जोडा: लसिकाग्रंथीतल्या दुय्यम गाठीतून आलेली, पी५३ हे गाठरोधक प्रथिन नसलेली, स्वभावानंच जास्त फिरती. निरोगी बाजूला बीईएएस-२बी, श्वासनलिकेच्या अस्तराच्या पेशी. तिन्हींची एसटीआर ओळख (डीएनएचा ठसा) आणि मायकोप्लाझ्मा (पेशींत लपणारा जिवाणू) तपासणी सुरुवातीलाच. मायकोप्लाझ्मा असला की पेशींची चाल आणि एमटीटीचा आकडा दोन्ही बदलतात.

ईएमटी दाखवायचं तर ए५४९ ३०-४० टक्के दाटीवर, १ टक्का सीरममध्ये, टीजीएफ-बीटा१ मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम, ४८ ते ७२ तास. तुलनेला एसबी४३१५४२, १० मायक्रोमोलर. ते टीजीएफ-बीटाचा ग्राही अडवतं, म्हणजे 'परतलं' कसं दिसायला हवं ते कळतं. वेस्टर्नमध्ये ई-कॅडहेरिन १२० किलोडाल्टनच्या आसपास, व्हायमेंटिन ५५-५७. पट्टीवर एकटं ई-कॅडहेरिन वाढलं म्हणजे काम झालं असं नाही. ते पेशींच्या सीमेवर बसलंय का हे प्रतिदीप्तीच्या चित्रात बघा. आणि कर्क्युमिन स्वतः हिरवं चमकतं, त्यामुळे हिरव्या रंगाचा दुय्यम प्रतिपिंड टाळा, लाल घ्या.

जिज्ञासू

धागा बराचसा डोक्यावरून गेला, पण एक सरळ प्रश्न. ही संयुगं नैसर्गिक आहेत, मग उपचार चालू असताना रुग्णानं गोळ्यांच्या रूपात घेतली तर बिघडलं कुठे?

औषधयोगी

प्रश्न सरळ आहे, उत्तर तितकं नाही. 'नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी' ही समजूत फुप्फुसाच्या कर्करोगातच सगळ्यात महागात पडली आहे. १९९४ मध्ये जाहीर झालेल्या फिनलंडमधल्या चाचणीत २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा समावेश होता. रोज २० मि.ग्रॅ. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. अमेरिकेतल्या कॅरेट चाचणीत १८,३१४ जण होते, ३० मि.ग्रॅ. बीटा-कॅरोटीन आणि सोबत २५,००० एकक व्हिटॅमिन-ए. तिथे वाढ २८ टक्के, आणि जानेवारी १९९६ मध्ये चाचणी मुदतीआधी २१ महिने थांबवावी लागली. प्रयोगशाळेत हेच बीटा-कॅरोटीन आशादायक होतं. पुढे २०१९ मध्ये उंदरांवर दिसलं की एनएसी आणि व्हिटॅमिन-ई यांनी बीएसीएच१ हे प्रथिन टिकून राहतं आणि फुप्फुसातल्या गाठी जास्त पसरतात.

आता मात्रा. दिवसाला ८ ग्रॅम कर्क्युमिन तोंडावाटे दिल्यावर रक्तातली सरासरी कमाल पातळी १.७७ मायक्रोमोलर आढळली होती. वर चर्चा चालली आहे २० मायक्रोमोलरची. आतडं आणि यकृत मिळून त्याला ग्लुक्युरोनाइड आणि सल्फेट जोडून बाहेर काढतात. १९९८ मध्ये २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मि.ग्रॅ. पिपरिन (मिरीतलं संयुग) देऊन शोषण २००० टक्क्यांनी वाढल्याचं दाखवलं गेलं आणि तेव्हापासून बाजारात दोन्ही एकत्र येतात. पण पिपरिन हे जमवतं ते शरीराची निचरा यंत्रणा अडवून. ते सीवायपी३ए४ (औषधं मोडणारं विकर) आणि पी-ग्लायकोप्रोटीन (औषध पेशीबाहेर टाकणारा पंप) दाबतं. जेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब या फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या गोळ्यांच्या विघटनात सीवायपी३ए४चाच मोठा वाटा असतो. औषधाची पातळी वाढली तर पुरळ, जुलाब, फुप्फुसाचा दाह. सेंट जॉन्स वर्टसारख्या वनस्पतीनं घटली तर औषध निष्प्रभ. हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ईजीसीजीबद्दल युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मि.ग्रॅ. किंवा जास्त घेतल्यास यकृताची विकरं वाढतात.

म्हणून गोळी कुठलीही असो, उपचार करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञाला तिचं नाव, मात्रा, घटक दाखवूनच. आधी चालू केली असेल तर लपवू नये. रक्तचाचणीत यकृताचे आकडे बिघडले की डॉक्टर मूळ औषध थांबवतात, आणि दोष भलत्याचाच असू शकतो.

रसरंग

@जिज्ञासू, उलट बाजूही सांगतो. एटोपोसाइड पोडोफिलोटॉक्सिनपासून, टोपोटेकन कॅम्पटोथेसिनपासून, विनोरेल्बिन सदाफुलीच्या अल्कलॉइडांपासून, पॅक्लिटॅक्सेल यू झाडाच्या सालीतून. चारही फुप्फुसाच्या कर्करोगात वापरली जातात आणि यातलं एकही सौम्य नाही. ही औषधं झाली कारण ठरलेल्या मात्रेत शिरेवाटे देऊन रक्तात हवी ती पातळी गाठता आली. कर्क्युमिनचं अडतं ते तिथेच.

सच्छिद्र

एमएमपीवर फार भिस्त ठेवू नका, हेही जोडतो. मॅरिमास्टॅट आणि प्रिनोमास्टॅट ही खास एमएमपी अडवणारी औषधं होती. फुप्फुसाच्या कर्करोगात दोन्हींनी रुग्णांचं आयुष्य वाढवलं नाही, सांधेदुखी मात्र दिली. झायमोग्राफीत पट्टा फिकट झाला म्हणून पसरणं थांबेल, ही उडी फार लांबची.

मूषकपुराण

उंदरांचा टप्पा पुढे येणारच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. शेपटीच्या शिरेतून पेशी देणं म्हणजे पसरण्याचा फक्त उत्तरार्ध: पेशी आधीच रक्तात आहेत आणि पहिलं केशवाहिन्यांचं जाळं फुप्फुसाचंच लागतं. मूळ गाठीतून सुटणं, पटल फोडणं यांची परीक्षा यात होत नाही. त्यामुळे 'ईएमटी रोखून पसरणं थांबवलं' असं या नमुन्यातून लिहू नये.

१०० मायक्रोलिटर पीबीएसमध्ये १० लाख पेशी, ४० मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळलेल्या. गुठळ्या राहिल्या तर रक्तवाहिनी तुंबून उंदीर तिथल्या तिथे मरतो. बर्फावर ठेवा, तासाभरात संपवा. संयुग पेशींच्या आधीपासून द्यायचं की आठवड्यानंतर, हे ठरवून लिहा. पहिल्यात रुजणं तपासलं जातं, दुसऱ्यात वाढ.

मात्रा माणसाच्या मापात आणायला उंदराची मि.ग्रॅ. प्रति किलो १२.३ नं भागतात. १०० चे झाले ८.१, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ४९० मि.ग्रॅ. आकडा आवाक्यातला वाटतो, पण उंदराला ते पोटाच्या पोकळीत टोचलेलं असेल तर आतड्याचा अडसर टळलेला असतो. गोळीशी तुलना करू नका.

पेशीवाला

सगळ्यांचे आभार. बदललेला आराखडा: ए५४९ आणि एच१२९९, सोबत बीईएएस-२बी. सगळीकडे १ टक्का सीरम. मात्रा १, ५, १० मायक्रोमोलर. एसआरबी आणि ट्रायपॅन ब्लू त्याच परिस्थितीत. सिलिकॉन इन्सर्ट, १८ तासांवर शेवट, दर सहा तासांनी ताजं संयुग. ईजीसीजीला कॅटलेजचा संच. झायमोग्राफी दुय्यम पुरावा म्हणून. तिथे १ टक्का सीरम चालेल का?

सच्छिद्र

नाही, तिथे मात्र सीरम शून्य. गायीच्या सीरममध्ये स्वतःचं एमएमपी-२ असतं आणि ७२ किलोडाल्टनचा ठळक पट्टा त्याचाच येतो. संयुग १ टक्का सीरममध्ये द्या, मग दोनदा धुऊन बिनसीरम मीडियात १८-२४ तास ठेवा आणि तो गोळा करा. भरताना प्रथिनाच्या वजनावर नको, पेशींच्या संख्येवर बेतून भरा.

नमुना उकळू नका, मर्कॅप्टोइथेनॉल घालू नका, विकर मेलं की पट्टा नाही. ०.१ टक्का जेलॅटिन घातलेला ८ टक्के जेल, थंडीत चालवा. २.५ टक्के ट्रायटन एक्स-१०० मध्ये अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन धुण्या, मग ५० मिलिमोलर ट्रिस, ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, १ मायक्रोमोलर झिंक क्लोराइडमध्ये ३७ अंशांवर १६ ते २० तास. कूमासी रंगानंतर निळ्यावर पांढरे पट्टे: ९२ किलोडाल्टनला एमएमपी-९. एक पट्टी कापून त्याच बफरमध्ये ईडीटीए (एमएमपीला लागणारे धातू धरून ठेवणारं रसायन) घालून ठेवा. तिथेही पट्टा दिसला तर तो एमएमपीचा नाही. क्वेर्सेटिनच्या वेळी हे विसरू नका, ते स्वतः धातूंना धरतं.

घावमोजणी

दर सहा तासांनी मीडिया बदलणार असाल तर नियंत्रण वेललाही तेवढ्याच वेळा बदला. प्रत्येक बदलात काही पेशी सुटतातच.

ट्रिप्सिन

आणि १ मायक्रोमोलरला काहीच दिसलं नाही, १० लाच दिसलं, तर तेही जसंच्या तसं लिहा. रक्तात पोचणारी मात्रा पहिलीच आहे.